निवृत्त शिक्षक आणि क्रीडा प्रशिक्षकांसाठी पालक मार्गदर्शनाचा व्यवसाय : सुरुवात कशी करावी

मंडईत, लग्नाच्या पंगतीत, बँकेत पासबुक भरायच्या रांगेत, जुने पालक कुठेही गाठतात. "मॅडम, पोरगं अजिबात ऐकत नाही हो, काय करू?" हा प्रश्न शिक्षकाला नोकरीभर फुकट विचारला जातो आणि तोही उभ्याउभ्या उत्तर देऊन मोकळा होतो. निवृत्तीनंतर याच प्रश्नावर रीतसर व्यवसाय उभा राहू शकतो. महाराष्ट्रात शिक्षक ५८ व्या वर्षी घरी बसतो. तेव्हा अंगात ताकद असते, गावात ओळख असते आणि दोन-तीन पिढ्यांचे पालक पाहिलेले असतात. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नोकरीला लागलेल्यांना जुन्या पेन्शनचा आधार असतो. नंतर लागलेल्यांना मात्र महिन्याचा हिशेब जरा जपून मांडावा लागतो.

वर्गात शिकवलं आणि मैदानावर संघही घडवला, अशांना डोळ्यासमोर ठेवून हे लिहिते आहे. मी स्वतः त्यातलीच, मराठी आणि कबड्डी. नुसतं वर्गात शिकवलेल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी काम ओळखा

इथे तुमच्यासमोर पालक बसणार आहेत. मूल बहुतेक वेळा खोलीत नसेल. त्याचं गणित कच्चं आहे म्हणून तुम्ही त्याला गणित शिकवायचं नाही. त्याच्या गणितावरून घरात रोज रात्री जी भांडणं होतात, ती कमी कशी होतील हे आईवडिलांबरोबर बसून शोधायचं. पहिल्या दिवसापासून ही सीमा आखली नाही, तर तिसऱ्या महिन्यात तुमच्या हॉलमध्ये दहावीची शिकवणी सुरू झालेली असेल. मग तो वेगळा धंदा झाला.

माझा अनुभव असा की वर्गातल्या सवयी या कामात आड येतात आणि मैदानावरच्या सवयी उपयोगी पडतात. वर्गात आपण पस्तीस मिनिटं बोलतो, समोरचे ऐकतात. कबड्डीच्या सामन्यात प्रशिक्षक मैदानाबाहेर असतो. प्रत्येक डावात त्याला ३० सेकंदांचे दोन टाइम-आउट मिळतात. तेवढ्या वेळात दम लागलेल्या पोरींना पाच गोष्टी सांगितल्या तर एकही डोक्यात राहत नाही, म्हणून एकच सांगायची: "उजवा कोपरा मोकळा पडतोय." पुढे खेळायचं त्यांनी. पालकांचंही तसंच. घरी रात्री साडेनऊला मोबाइलवरून वाजतं तेव्हा तुम्ही तिथे नसता. त्या आईला त्या वेळी आठवेल अशी एकच गोष्ट तुम्ही दुपारी देऊ शकता.

सेवेत असताना पैसे घेऊ नका

पुढच्या वर्षी निवृत्ती आहे, तर आत्तापासून सुरू करू का, असं बरेच जण विचारतात. शिक्षकांनी खासगी शिकवणी घेण्याला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने बंदी आहे. पालक मार्गदर्शन म्हणजे शिकवणी नव्हे, असा वाद घालता येईल. पण शासकीय आणि अनुदानित शाळांच्या सेवाशर्तींत परवानगीशिवाय बाहेरचा धंदा बसत नाही. पेन्शनची फाईल टेबलांवरून फिरत असताना नसती तक्रार ओढवून घेण्यात काय अर्थ? ते वर्ष ऐकण्यात घालवा. पालकसभेनंतर कोण थांबतं, काय विचारतं, ते वहीत लिहून ठेवा. नावं नको, फक्त प्रश्न. पुढे व्यवसायाचा अभ्यासक्रम याच वहीतून निघतो.

आणखी एक. शाळेच्या रजिस्टरमधले किंवा वर्गाच्या ग्रुपमधले पालकांचे नंबर बरोबर घेऊन निघू नका. ते शाळेला दिलेले नंबर आहेत. निवृत्तीनंतर त्यांवर जाहिरात टाकलीत तर कमावलेला विश्वास एका मेसेजमध्ये जातो. शाळेचं नावही पाटीवर नको. "निवृत्त शिक्षिका आणि कबड्डी प्रशिक्षक" एवढं पुरतं. शाळा कोणती हे गावाला ठाऊक असतं.

कोणत्या वयाच्या मुलांचे पालक?

"० ते १८ वयोगटातील सर्व समस्यांवर मार्गदर्शन" असे फलक दिसतात. ते वाचून कुणी येत नाही, आणि आलं तर ज्याचं उत्तर आपल्याकडे नाही असाच प्रश्न घेऊन येतं. तीस वर्षं ज्या वयाची मुलं हाताळलीत त्याच वयाचे पालक घ्या. पाचवी ते आठवीला शिकवलं असेल तर तिथेच राहा. दोन वर्षांच्या बाळाच्या जेवणाबद्दल तुम्हाला आजीइतकंच कळतं, आणि आजी घरात आहेच.

सध्या पालक खरोखर कशाने गांगरलेले आहेत ते पाहा. मराठी माध्यम, सेमी इंग्रजी की पूर्ण इंग्रजी, हा जुना प्रश्न अजून संपलेला नाही. त्यात २०२५-२६ पासून राज्य मंडळाच्या पहिलीपासून सीबीएसईच्या धर्तीवर बदल सुरू झाल्याने नवी भर पडली. शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायचं की नाही, आठवीतली एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा काय असते, दहावीनंतर सायन्सच का, अशी रांग लांबत जाते. मोबाइलचं वेगळं सांगायला नको.

प्रशिक्षक असाल तर तुमच्याकडे असा एक प्रश्न आहे ज्यावर बोलायला गावात दुसरं माणूस सहसा नसतं: "खेळू द्यावं की अभ्यासाला बसवावं?" शालेय स्पर्धांचे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण, पात्र खेळाडूंना दहावी-बारावीला मिळणारे सवलतीचे गुण, शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, हे पालकांनी उडतउडत ऐकलेलं असतं. नीट समजावून सांगणारं कुणी नसतं. गुणांचे निकष बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीचा शासननिर्णय जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून आणून समोर ठेवा. त्याच बैठकीत हेही सांगा की तालुक्याला पहिली आलेली शंभर पोरं असतात आणि नोकरीपर्यंत पोचणारी हाताच्या बोटांवर. हे पालकांना ऐकवायला जड जातं. पण या एका विषयात तुमचं बोलणं कुणी खोडून काढू शकत नाही, म्हणून सुरुवात इथूनच करावी असं मला वाटतं.

आपली रेघ कुठे संपते

हा भाग दोनदा वाचा. आपण मानसोपचारतज्ज्ञ नाही, चिकित्सा मानसशास्त्रज्ञही नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. बी.एड.मध्ये बाल मानसशास्त्राचा पेपर दिला म्हणून ते नाव लावता येत नाही. पाटीवर "थेरपी", "उपचार", "निदान" हे शब्द टाळा. बोलतानाही "याला एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) असणार" असं तोंडातून जाऊ देऊ नका, कारण पालक घरी जाऊन तेच नाव नातेवाइकांना सांगतात.

काही गोष्टी मात्र शिक्षकाच्या नजरेला लवकर दिसतात. चौथीतलं मूल तोंडी सगळं सांगतं पण फळ्यावरून उतरवताना अक्षरं गाळतं, मोठ्याने वाचताना ओळ हरवते, त्याला आळशी म्हणून मारून उपयोग नाही. ती अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि राज्य मंडळाच्या परीक्षांत प्रमाणपत्र असलेल्या मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी बाह्यरुग्ण विभाग आहे. तुमच्या जिल्ह्यात तपासणी आणि प्रमाणपत्र कुठे मिळतं ते जिल्हा रुग्णालयात जाऊन एकदा विचारून या. ठाण्याची आयपीएच, पुण्याची ज्ञान प्रबोधिनी अशा संस्थांत मानसशास्त्रीय चाचण्या आणि समुपदेशन होतं, तेही यादीत लिहा. कुणाला कुठे पाठवायचं याचा कागद पहिल्या पालकाच्या आधी तयार हवा.

मूल जगायचं नाही असं बोलतंय, स्वतःला इजा करून घेतंय, असं कळलं तर मार्गदर्शनाची बैठक तिथेच थांबवायची. मुलाला एकटं सोडू नका, आजच मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, असं स्पष्ट सांगायचं. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक त्यांच्या समोरच फोनमध्ये टाकून द्यायचा. निकालाच्या आठवड्यात हे विशेष लक्षात ठेवा.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर "घरातली बाब आहे, मॅडम, कुठे बोलू नका" हे मान्य करता येत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं समजलेल्या कुणालाही पोलिसांना कळवावंच लागतं, आणि न कळवणं हाच गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून पहिल्याच भेटीत सांगून टाका: तुमचं बोलणं या खोलीबाहेर जाणार नाही, फक्त मुलाच्या जिवाला किंवा अंगाला धोका असेल तर मला कळवावं लागेल. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनीही भिंतीवर लिहून ठेवा.

प्रमाणपत्राचं विचाराल, तर या कामाला ते सक्तीचं नाही. 'इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन'ची एसीसी ही पहिली पायरी घ्यायची म्हटली तर किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो. परवडत असेल आणि शिकायची हौस असेल तर करा. शनिवार-रविवारात "आंतरराष्ट्रीय पॅरेंट कोच" बनवणाऱ्या जाहिरातींवर मात्र ग्रॅच्युइटी उडवू नका.

कागदपत्रं

फार नाहीत. एकटा माणूस आपल्या नावावर व्यवसाय करतो तेव्हा कंपनी वगैरे काढायची गरज नसते. छोट्या व्यवसायांची उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. शोधायला गेलात की पैसे मागणारी तशाच नावाची संकेतस्थळं आधी दिसतात, तिकडे वळू नका. दुकाने व आस्थापना कायद्यात वीसपेक्षा कमी कामगार असलेल्यांना फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, पण वयाची ६५ पूर्ण झालेल्यांना तो माफ आहे. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की लागते. तिथवर पोचलात तर आम्हालाही चहाला बोलवा.

आयकराकडे मात्र लक्ष हवं. फक्त पेन्शन असताना भरतो तो 'सहज' फॉर्म आता चालणार नाही, कारण व्यवसायाचं उत्पन्न सुरू झालं. दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: व्यवसाय नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना आगाऊ करातून सूट असते, ती व्यवसाय सुरू होताच जाते. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त निघत असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो, नाहीतर व्याज लागतं. वर्षातून दोनदा करसल्लागाराकडे जा. पेन्शन येते ते खातं वेगळं ठेवा आणि फीसाठी दुसरं खातं उघडून त्याचाच क्यूआर कोड लावा. मार्चमध्ये डोकं शांत राहील.

जागा आणि वेळ

गाळा भाड्याने घेऊ नका. पहिलं वर्ष घरातली एक खोली किंवा वाचनालयाचा, शिक्षक पतसंस्थेचा, सोसायटीचा हॉल पुरतो. घरी घेणार असाल तर घरच्यांशी आधी बोला. पालक आत रडत असताना बाहेर टीव्हीवर मालिका मोठ्याने सुरू असेल तर ती बाई परत येणार नाही.

पालक या कामासाठी येताना लाजतात. "यांच्या पोराचं काहीतरी बिनसलंय" ही कुजबुज लहान गावात अर्ध्या दिवसात पोचते. म्हणून दोन भेटींमध्ये अर्धा तास मोकळा ठेवा. एकाच वर्गातल्या दोन आया जिन्यात समोरासमोर आल्या की दोघींनाही तुमच्याकडे यायचा संकोच वाटायला लागतो.

वेळेचं म्हणाल, तर घरी असणाऱ्या आयांना दुपारी तीन ते साडेचार सोयीचं. मुलं शाळेत किंवा क्लासला, सासूबाई आडव्या झालेल्या. संध्याकाळी सात ते नऊ स्वयंपाकाची वेळ, तेव्हा कुणी मोकळं नसतं. नोकरी करणाऱ्या आयांसाठी शनिवार. वडिलांना आणायचं असेल तर रविवारी सकाळी नऊ-साडेनऊ, आणि आमंत्रण आईकरवी न पाठवता थेट त्यांना फोन करून. "तुम्ही आलात तर दोन भेटींत होईल, नाही आलात तर सहा लागतील," हे हिशेबाचं वाक्य बऱ्याच वडिलांना पटतं. आजी-आजोबा घरात असतील आणि मोबाइलचा चार्जर त्यांच्या खोलीत असेल, तर त्यांनाही एकदा बोलवा. त्यांना वगळून केलेला नियम आठवडाभरही टिकत नाही.

फी कशी सांगायची

आपल्या पिढीच्या शिक्षकाला इथे जीभ अडखळते. ज्यांच्या पोरांना फुकट जादा तास घेतले त्यांच्याकडून पैसे कसे मागायचे? आकडा आधी कागदावर छापा, म्हणजे तोंडाने सांगताना तो कमी होत नाही.

सुरुवातीला तालुक्याच्या गावात एका वैयक्तिक भेटीला ५०० ते ८००, मोठ्या शहरात १,००० ते १,५०० रुपये धरा, असं मी नव्यांना सांगते. पन्नास मिनिटांची भेट, त्याआधीची तयारी, नंतरची टिपणं आणि मधला एक फोन मिळून दोन तास जातात हे विसरू नका. गटाचा हिशेब असा मांडा. दहा पालक, सहा आठवडे, प्रत्येकी १,५०० म्हणजे १५,०००. हॉलचे सहा वेळा ५०० म्हणजे ३,०००, चहा ९००, झेरॉक्स ६००. हातात १०,५०० राहिले. गट बाराच्या वर नेऊ नका. त्यापुढे ते व्याख्यान होतं, आणि व्याख्यानाला लोक टाळ्या वाजवून घरी जाऊन पूर्वीसारखंच वागतात.

ओळखीचा माणूस भेटतोच:

"काय मॅडम, आमच्याकडूनपण पैसे घेणार?"

"घेणार ना दादा. रस्त्यात भेटलात तर गप्पा फुकट. पण तुमच्या मुलीसाठी तास काढून बसायचं, टिपणं ठेवायची, पुढच्या आठवड्यात विचारायचं, तर त्याची फी आहे. अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा, महिन्यातल्या दोन भेटी मी त्यासाठीच राखून ठेवल्यात."

राखीव भेटींचं हे खरोखर करा. घरकाम करणारी बाई मुलासाठी आली तर तिच्याकडून ५० रुपये का होईना घ्या. मग ती पुढच्या भेटीला आपला हक्क म्हणून येते. पावती प्रत्येकाला. आदल्या दिवशी कळवून भेट रद्द केली तर पुढची तारीख, ऐनवेळी आलेच नाहीत तर अर्धी फी, हे पावतीच्या मागेच छापा.

पहिले पालक कुठून येतात

पत्रकं वाटून येत नाहीत. शाळा व्यवस्थापन समित्यांत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यांच्या बैठकीत अर्धा तास मागून घ्या. बचत गट, महिला मंडळ, मोठ्या सोसायट्यांचे गणेशोत्सव, खेळाच्या मैदानावर पोरांना आणून सोडणारे आईवडील, इथे विनामूल्य एक छोटा कार्यक्रम करा. विषय नेमका ठेवा. "सुजाण पालकत्व" म्हटलं की पाच जण येतात, "परीक्षेच्या आदल्या रात्री घरात काय बोलावं" म्हटलं की सतरंजी कमी पडते. शेवटी नंबर असलेलं छोटं कार्ड द्या. त्या वेळी नावनोंदणीचा आग्रह नको.

जाहिरातीत निकालाची हमी देऊ नका. "९० टक्क्यांची खात्री", "सात दिवसांत मोबाइल सुटेल" असलं छापलं तर ते दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या कायद्यात अडकू शकतं. शिवाय तुम्हाला माहीत आहे की ते खोटं आहे. आलेल्या पालकांचे फोटो, त्यांच्या मुलांची नावं, "यांच्यात झालेला बदल पाहा" हे स्टेटसला कधीही नको. डिजिटल माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती लागते. पण संमती मिळाली तरी चौदा वर्षांच्या मुलाला आपला फोटो गावभर फिरलेला आवडेल का, एवढं बघा.

एक बैठक, जवळून

एक नमुना देते. तपशील बदलले आहेत, प्रसंग अनेकदा घडणारा आहे. १४ वर्षांखालच्या संघातल्या मुलाचे वडील येतात. मुलगा आजकाल सरावाला जायला नको म्हणतो.

"मॅडम, त्याला जरा समजवा. तुमचं ऐकेल."

इथे पहिला मोह होतो: "आणा त्याला, बोलते मी." तो आवरा.

"समजवू नंतर. सामना संपल्यावर घरी कसे जाता तुम्ही?"

"माझ्याच गाडीवर."

"वाटेत काय बोलता?"

"काही नाही. चुका सांगतो फक्त. लगेच सांगितल्या तर लक्षात राहतात."

"किती वेळ लागतो घरी पोचायला?"

"वीस-एक मिनिटं." मग ते थांबतात. "म्हणजे... वीस मिनिटं मीच बोलत असतो."

या थांबण्यात तुम्ही काही बोलू नका. शिक्षकाला शांतता सहन होत नाही, लगेच खडू उचलावासा वाटतो. दहा सेकंद गप्प बसा. बहुतेक वेळा पालक पुढचं वाक्य स्वतः बोलतात, आणि तुम्ही दिलेल्या सल्ल्यापेक्षा ते घरी जास्त टिकतं. ते नाहीच बोलले तर एक काम द्या: पुढच्या दोन सामन्यांनंतर गाडीवर खेळाबद्दल एक शब्दही नाही, फक्त "भूक लागली का?" विचारायचं. चुका सांगायला त्याचे प्रशिक्षक आहेत.

पुढच्या भेटीत पहिला प्रश्न त्याच कामाचा. जमलं का? कुठे अडलं? "पहिल्या सामन्याला जमलं, दुसऱ्याला तो हरला आणि राहवलं नाही," असं उत्तर आलं तर ते चांगलं उत्तर आहे. त्यावरच पुढचा अर्धा तास जाऊ द्या. प्रत्येक भेटीनंतर तीन ओळी लिहा: काय म्हणाले, काय ठरलं, पुढच्या वेळी काय विचारायचं. वहीत नावाऐवजी क्रमांक टाका आणि वही कुलपात ठेवा.

चार भेटी झाल्या की थांबून विचारा की घरात काही फरक पडलाय का. काहीच नसेल तर पाचवीची फी घेण्याऐवजी यादीतल्या योग्य माणसाकडे पाठवा.

फोन

व्यवसायासाठी वेगळं सिम आणि व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. त्यात कामाच्या वेळा टाकता येतात आणि बाहेरच्या वेळेत आपोआप उत्तर जातं. रात्री अकराला येणाऱ्या सात मिनिटांच्या व्हॉइस मेसेजला लगेच उत्तर दिलंत तर उद्यापासून रोज येतो. पालकांचा ग्रुप करू नका. आठवड्यात त्यात गुड मॉर्निंगची फुलं, मग शाळेची निंदा, मग दोन आयांचं भांडण. सूचना द्यायच्या असतील तर ब्रॉडकास्ट लिस्ट करा.

परदेशातली मराठी कुटुंबं हा एक वेगळा वर्ग आहे. मुलगा-सून न्यू जर्सीत आणि आजी इथे तुमच्या ओळखीची, अशी वाट असते. तिथल्या रविवार सकाळच्या नऊ वाजता आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात होतात, उन्हाळ्यात साडेसहा. तिथली शाळा, तिथले कायदे तुम्हाला माहीत नाहीत हे आधीच सांगा. घरात मराठी कशी टिकवायची, आजी-आजोबा सहा महिने राहायला आल्यावर शिस्तीचं काय करायचं, एवढ्यापुरतं काम घ्या.

वर्षाची चाल आणि एक पथ्य

जूनमध्ये शाळा उघडताना फोन वाढतात. जुलै ते ऑक्टोबर खेळाच्या स्पर्धांचे प्रश्न. दिवाळीच्या सुटीत शुकशुकाट, तेव्हा पुढच्या गटाची तयारी करा. जानेवारीत पूर्वपरीक्षांचे पेपर घरी आले की आया घाबरून येतात, तो महिना फेब्रुवारीपेक्षा कामाचा. निकालानंतर अकरावीचे प्रवेश, जे २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झालेत. तेव्हा पालकांना मार्गदर्शनापेक्षा फॉर्म भरून देणारं माणूस हवं असतं. ते काम नेट कॅफेवाल्याला करू द्या.

याच दिवसांत आणखी एक माणूस तुमच्याकडे येईल, बहुधा पेढ्यांचा पुडा घेऊन. कुठल्याशा क्लासचा किंवा खेळाच्या अकॅडमीचा मालक. "मॅडम, तुमच्याकडे पालक येतात, आमच्याकडे पाठवा, प्रवेशामागे इतके टक्के." रक्कम तुमच्या महिन्याभराच्या फीपेक्षा मोठी असू शकते. पेढा खा, चहा द्या, आणि नाही म्हणा. त्याआधीच पावतीवर एक ओळ छापून घ्या: "मी कोणत्याही क्लास, अकॅडमी किंवा रुग्णालयाकडून कमिशन घेत नाही." मालकाला नाही म्हणताना ती पावतीच पुढे करता येते.